किती बोटं खाली?

गाडी किती खाली बसवली आहे हे सांगायची शौकिनांची एक पद्धत आहे. टायरच्या माथ्यावर हात आडवा ठेवायचा आणि वर फेंडरच्या कडेपर्यंत किती बोटं मावतात ते बघायचं. कंपनीतून आलेल्या गाडीत सहसा चार बोटं आरामात जातात. मेलबर्नला बहिणीकडे गेलो होतो, तेव्हा भाच्याने मला गॅरेजमध्ये नेलं, दिवा लावला आणि काही न बोलता आपल्या टोयोटा ८६च्या पुढच्या चाकावर दोन बोटं ठेवून दाखवली. तिसरं मावत नव्हतं. चेहऱ्यावर समाधान असं, की जणू मोदकाला एकवीस कळ्या पडल्या आहेत.

तक्रार मात्र होतीच. आदल्या रविवारी सँडाउनच्या ट्रॅकवर तो गाडी पळवून आला होता. "मामा, वळणात शिरताना गाडी मस्त असते, आणि मधेच एकदम ताठ होते. पुढची चाकं सरळच निघतात. चार क्लिक कमी केले, सहा वाढवले, काही फरक नाही. तू इतकी वर्षं शॉकअपच्या कारखान्यात काढलीस. किती क्लिक ठेवू सांग ना."

मी म्हटलं, "क्लिक राहू दे. ट्रॅव्हल किती उरलाय?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू पेट्रोल पंपावर कोणी हवामान विचारावं. हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. कॉइलओव्हर विकणाऱ्याने नाही, बसवणाऱ्याने नाही आणि सल्ले देणाऱ्या मित्रांनी तर नाहीच. बाजारात सुट्या मिळणाऱ्या कॉइलओव्हरबद्दल गेल्या तीसेक वर्षांत जितकं बोललं गेलं आहे त्यातला मोठा भाग उंची, कडकपणा आणि शॉकअपच्या नॉबचे क्लिक यांच्यावर खर्च झाला आहे. चाकाला वर जायला आणि खाली यायला जागा किती राहिली, हा हिशेब मागे पडतो. माझ्या मते या विषयातले बहुतेक वाद त्या हिशेबापाशी आले की आपोआप मिटतात.

आधी वस्तू काय आहे ते बघू. डॅम्पर, म्हणजे आपला शॉकअप, आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली स्प्रिंग, दोन्ही मिळून एक नग. यात नवीन काहीच नाही. अर्ल मॅकफर्सन यांचा स्ट्रट १९५० साली ब्रिटनमध्ये फोर्ड कॉन्सल आणि झेफरवर आला, आणि आज मारुती स्विफ्टच्या पुढच्या चाकांनाही तोच आहे. त्या अर्थाने आपल्या गल्लीतल्या निम्म्या गाड्या कॉइलओव्हरवरच चालतात. शौकीन ज्याला कॉइलओव्हर म्हणतात त्यात फरक इतकाच, की नळकांड्यावर बाहेरून आटे पाडलेले असतात आणि स्प्रिंगची खालची बैठक त्या आट्यांवर सी-पान्याने फिरवून वरखाली करता येते. जपानीत याला 'शाकोचो' म्हणतात. शब्दशः अर्थ, गाडीची उंची बदलणारं. नावातच ग्राहकाची हौस सांगून टाकली आहे. शॉकअप आपल्या हाताने कडक-सैल करायची हौस तर त्याहून जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे ट्रुफो-हार्टफर्ड डॅम्पर म्हणजे एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या होत्या, आणि मधला नट आवळला की ते कडक व्हायचे. पुढे तेलाचे डॅम्पर आले. मग फ्रेंच संशोधक द कार्बों यांच्या कल्पनेवरचा, नायट्रोजन भरलेला एकनळी डॅम्पर बिलस्टाइनने १९५७ साली मर्सिडीजच्या गाड्यांवर आणला. मूळची ही कंपनी १८७३ सालची, खिडक्यांचं लोखंडी सामान करणारी. स्वीडनची ओलिन्स, हॉलंडची कोनी, जर्मनीची केडब्ल्यू, योकोहामाची टाइन ही या धंद्यातली बाकीची ठळक नावं. प्रत्येकाचे भक्त आहेत आणि भक्तांशी वाद घालू नये.

८६ ही गाडी या चर्चेला फार सोयीची आहे. टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून केलेली, २०१२ साली बाजारात आलेली, पुढे आडवं पसरलेलं दोन लिटरचं इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद. वजन साधारण साडेबाराशे किलो. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे डबल विशबोन. म्हणजे सस्पेन्शनच्या दोन वेगळ्या घराण्यांची उदाहरणं एकाच गाडीत मिळतात. कंपनीने तिला टायर दिले ते मिशलिन प्रायमसी, २१५ रुंदीचे. प्रियससारख्या सात्त्विक गाडीलाही तेव्हा तेच जायचे. पकड कमी ठेवून गाडी खेळकर करायची हा त्यामागचा विचार. तेव्हा वळणात पुढची चाकं सुटतात म्हणून सस्पेन्शनवर संशय घेण्याआधी टायर आणि त्यातली हवा तपासावी, हे पहिलं. भाच्याचे टायर चांगले होते, हवाही बरोबर होती.

मी त्याला बारीक झिप टाय आणायला सांगितली. केबल बांधायची, प्लास्टिकची. पुढचं चाक काढलं, धूळ अडवायचा रबरी बूट वर सरकवला. चकचकीत शाफ्टवर टाय बांधली आणि ती ओढत नळकांड्याच्या तोंडाशी टेकवली. चाक लावलं, गाडी खाली घेतली, आणि तो वस्तीतल्या रस्त्यांवरून दहा मिनिटं फिरून आला. ट्रॅक नाही, घाट नाही, साधे रस्ते. परत चाक काढलं. नळकांडं वर सरकताना टायला पुढे ढकलत नेतं आणि परत येताना तिला तिथेच सोडून येतं. त्यामुळे चाक जास्तीत जास्त किती वर गेलं, याची खूण आपोआप राहते. शाफ्टच्या वरच्या टोकाला धाव अडवणारा फोमचा ठोकळा असतो, तो बंप स्टॉप. टाय त्याच्या बुडाला जाऊन चिकटली होती. बंप स्टॉपच्या पिवळ्या फोमवर नळकांड्याच्या तोंडाचा गोल ठसा उमटला होता, तो मात्र जुना. बरेच दिवस मार खाल्ल्याशिवाय तसा ठसा पडत नाही.

मग कागद घेतला. चालकासकट गाडी तेराशे दहा किलो धरली. यातलं त्रेपन्न टक्के पुढे, म्हणजे पुढच्या एका चाकावर साधारण तीनशे सत्तेचाळीस. चाक, ब्रेक, हब यांचे चाळीस वजा केले की स्प्रिंगवर पेललेलं वजन तीनशे सात. स्ट्रट थोडा कलता असतो आणि चाकाच्या किंचित आत बसतो, म्हणून स्प्रिंगवर प्रत्यक्ष भार येतो सुमारे तीनशे तेवीस. त्याची स्प्रिंग सात किलोची होती, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला सात किलो लागणारी. तीनशे तेवीस भागिले सात, शेहेचाळीस मिलिमीटर. गाडी नुसती उभी असतानाच शाफ्ट इतका आत गेलेला. शाफ्टची एकूण धाव मोजली, ती ११० मिलिमीटर. उरले चौसष्ट. त्यातून बंप स्टॉपची उंची पंचेचाळीस काढली. मोकळे राहिले एकोणीस.

हा हिशेब स्प्रिंग आपल्या बैठकीवर नुसती टेकलेली असताना. या पठ्ठ्याने दोन बोटं गाठण्यासाठी बैठक आणखी पंधरा मिलिमीटर खाली फिरवली होती. एकोणिसातून पंधरा गेले, राहिले चार. पाच रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवली की होते तेवढी जाडी.

वळणात गाडी बाहेरच्या बाजूला झुकते तेव्हा बाहेरच्या पुढच्या चाकावर शे-दीडशे किलो सहज वाढतात, आणि झुकणं रोखणाऱ्या अँटी-रोल बारने हातभार लावला तरी स्प्रिंग दीड-दोन सेंटिमीटर दबतेच. चार मिलिमीटर संपल्यावर पुढचा सगळा भार बंप स्टॉपवर. सात किलोची स्प्रिंग त्या क्षणी कितीतरी पट कडक होते, पुढचा एकच टायर अंगाबाहेर ओझं घेतो आणि पकड सोडतो. 'मधेच ताठ होते आणि पुढची चाकं सरळ निघतात' या तक्रारीचं कारण एवढंच. नॉब कितीही फिरवला तरी यात फरक पडणार नव्हता. खड्ड्यात चाक पूर्ण लोंबलं की स्प्रिंग बैठकीवर सैल पडायची, तेव्हा येणारा 'टक्' हा आवाजही याच पंधरा मिलिमीटरचा. मोठ्या शर्यतींच्या गाड्यांत बंप स्टॉपचा दुसऱ्या स्प्रिंगसारखा उपयोग मुद्दाम करून घेतात, त्यामुळे त्याला टेकणं हे काही पाप नाही. तिथे ते ठरवून होतं, इथे नकळत झालं होतं.

इथे कॉइलओव्हरचे दोन प्रकार वेगळे करायला हवेत. जाहिराती तो फरक धूसर ठेवतात. पहिल्या प्रकारात स्प्रिंगची बैठक हेच उंचीचं एकमेव साधन. गाडी खाली घ्यायची म्हणजे बैठक खाली, आणि जितकं खाली याल तितका वर जायचा ट्रॅव्हल कमी. दुसऱ्या प्रकारात नळकांडं बुडाशीही एका आट्यांच्या ब्रॅकेटमध्ये फिरतं. बैठकीला हात न लावता अख्ख्या नगाची लांबी कमी-जास्त होते, म्हणून उंची बदलली तरी डॅम्परच्या आतला हिशेब तसाच राहतो. हा प्रकार महाग आहे, आणि खूप खाली घ्यायचं असेल तर पैसे इथेच घालावेत असं माझं मत आहे. पण त्यालाही मर्यादा आहेतच. डॅम्परच्या आत जागा राहिली तरी टायर फेंडरच्या आतल्या अस्तराला घासू शकतो.

प्रीलोडबद्दल जितके गैरसमज आहेत तितके या विषयात दुसऱ्या कशाबद्दल नसतील. गाडी हवेत उचललेली, चाक लोंबतं, अशा वेळी बैठक स्प्रिंगला टेकल्यानंतर पुढे जितकी आवळाल तितका प्रीलोड. 'प्रीलोड वाढवला की गाडी कडक होते' हे वाक्य मी चाकणमध्ये ऐकलं, मेलबर्नमध्ये ऐकलं आणि एका जर्मन पाहुण्याच्या तोंडूनही ऐकलं. सरळ स्प्रिंगच्या बाबतीत ते खोटं आहे. सात किलोची स्प्रिंग पाच मिलिमीटर आवळली म्हणजे तिच्यात पस्तीस किलो आधीच साठवले. वर तीनशे तेवीस किलो बसल्यावर ती शेहेचाळीसऐवजी एक्केचाळीस मिलिमीटर दबते, आणि तिथून पुढचा प्रत्येक मिलिमीटर पुन्हा सातच किलोंचा. बदललं काय? शाफ्ट पाच मिलिमीटर कमी आत गेला. म्हणजे वर जायची जागा पाचने वाढली आणि खाली लोंबायची पाचने घटली. प्रीलोड हा जागेची वाटणी बदलायचा स्क्रू आहे. हां, कोणी गाडीच्या भारापेक्षाही जास्त प्रीलोड दिला तर चाक खाली जाणारच नाही, प्रत्येक खाचेत डॅम्पर आपल्या वरच्या टोकाला आपटेल आणि चालक म्हणेल, गाडी दगड झाली. दगड झाली हे खरं, पण स्प्रिंग कडक झाली म्हणून नव्हे.

उंचीकडे वळतो. गाडी खाली घेतली की गुरुत्वमध्य खाली येतो, म्हणून ती कमी झुकते, अशी सर्वसाधारण समजूत. अर्धी खरी. वळणात गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते त्याला रोल सेंटर म्हणतात. गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यामधलं अंतर हा झुकवणारा दांडा. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये चाकाला गाडीशी जोडणारा खालचा हात चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खाली घेत गेलं की तो आडवा होतो आणि मग उलटा चढायला लागतो. या प्रवासात रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली पळतं, दांडा लांबतो, आणि दिसायला ठेंगणी झालेली गाडी झुकायला जास्त उत्सुक होते. शिवाय झुकताना बाहेरच्या टायरला जो आतल्या बाजूचा कल, म्हणजे कॅम्बर, मिळायला हवा तोही हात उलटा चढल्यावर मिळत नाही. स्टिअरिंगचे टाय रॉडही त्याच कोनात जातात, आणि मग खड्ड्यात चाक वर गेलं की हात न लावता गाडी दिशा बदलते. यावर उपाय म्हणून लांब दांड्याचे बॉल जॉइंट मिळतात. म्हणजे एका हौसेने केलेला खड्डा दुसऱ्या खर्चाने बुजवायचा. ८६च्या पुढच्या बाजूला पंचवीस-तीस मिलिमीटरपेक्षा खाली जाऊ नये, असं मी भाच्याला सांगितलं. हा आकडा कुठल्या ग्रंथातला नाही, खालच्या हाताचा कोन बघून काढलेला आहे. ज्याने त्याने आपल्या गाडीखाली वाकून बघावं.

मोजायचं ते चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत, बोटांनी नव्हे, पट्टीने. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा आणि फरशीचा उतार दोन्ही आकड्यात मिसळतात. उंची बदलल्यावर गाडी पुढेमागे ढकलून चार वेळा दाबायची, मग मोजायचं, नवीन स्प्रिंग असेल तर काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा. आणि एक काम, जे दहातले नऊ जण विसरतात. हातांच्या मुळाशी रबरी बुश असतात. त्यांचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळले तर ती उभी राहिली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, स्वतःच एक छोटी स्प्रिंग बनतं आणि वर्षा-दीड वर्षात फाटतं. बोल्ट सैल करून, चाकांवर वजन घेऊन मगच शेवटचा पाना मारायचा. अलाइनमेंट त्यानंतर. आधी अलाइनमेंट करून मग उंची बदलणारे लोकही मी पाहिले आहेत.

स्प्रिंगच्या आकड्यांची मोठी गंमत आहे. जपानी किटवर 'पुढे सात, मागे आठ' असं लिहिलेलं दिसलं की वाटतं, मागचं कडक. ८६च्या मागच्या डबल विशबोनमध्ये स्प्रिंग हाताच्या मधोमध कुठेतरी टेकते. चाक एक सेंटिमीटर वर गेलं तर स्प्रिंग पाऊण सेंटिमीटरच दबते. चाकाला जाणवणारा कडकपणा या प्रमाणाच्या वर्गाने घटतो, म्हणजे पाऊण गुणिले पाऊण, ०.५६. आठ किलोची स्प्रिंग चाकाशी साडेचार किलोची झाली. पुढच्या स्ट्रटमध्ये हेच प्रमाण जवळपास एक, म्हणून सातचे सव्वासहा उरतात. मोठा आकडा मागे लिहिलेला, आणि मऊ मागचंच!

कडकपणा तोलायचा सरळ मार्ग म्हणजे सेकंदाला किती हेलकावे, ते बघणं. चाकाच्या हिशेबाने गाडी आपल्या वजनाने किती मिलिमीटर दबली आहे त्याचं वर्गमूळ घ्यायचं आणि १५.७६ला त्याने भागायचं. भाच्याची गाडी पुढे सुमारे २.२६ हेलकावे देत होती, मागे २.०२. घरगुती सेडान साधारण एक ते दीडच्या घरात असते, रस्त्यावरची स्पोर्ट्स कार दीड ते दोन, आणि पंखांचा दाब नसलेली ट्रॅकची गाडी दोन ते अडीच. म्हणजे रोज ऑफिसला जायच्या गाडीत त्याने ट्रॅकच्या स्प्रिंग घातल्या होत्या. पुढचं आणि मागचं प्रमाण कसं असावं यावर १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी मूलभूत काम केलं. खड्डा पुढच्या चाकाला आधी लागतो आणि मागच्याला नंतर. ८६चा व्हीलबेस २५७० मिलिमीटर, ताशी शंभरच्या वेगाला हा उशीर ०.०९ सेकंदाचा. मागची बाजू थोडी जलद हेलकावली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी मान डोलावायची थांबते. ऑलींचा हा नियम आरामाच्या गाड्यांसाठी आहे. कडक डॅम्पर असलेल्या गाडीत पहिल्याच हेलकाव्यात जोर मरतो, त्यामुळे तिथे तो कितपत पाळायचा यावर जाणकारांत दोन तट आहेत. मी रस्त्यावरच्या गाडीत पाळतो. ट्रॅकच्या गाडीत मागची स्प्रिंग कडक केल्यावर शेपूट सुटायला लागते, त्याची काळजी आधी करावी लागते.

आता ते प्रसिद्ध क्लिक. टाइनच्या अनेक किटमध्ये सोळा टप्पे असतात, तैवानच्या बीसीमध्ये तीस, बिलस्टाइनच्या बी-सोळामध्ये दहा. तिसाचा डॅम्पर दहाच्या तिप्पट चांगला असं म्हणणं म्हणजे पट्टीवर खुणा जास्त म्हणून कापड जास्त मोजून मिळेल असं समजणं. शिवाय नॉब नेमकं काय बदलतो तेही वेगवेगळं. केडब्ल्यूच्या पहिल्या श्रेणीत फक्त उंची बदलते, दुसरीत चाक खाली येतानाचा विरोध, म्हणजे रिबाउंड, आणि तिसरीत वर जातानाचा, म्हणजे कॉम्प्रेशनही, स्वतंत्रपणे. बी-सोळाचा एकच नॉब दोन्ही एकदम हलवतो. स्वस्त किटमध्ये नॉब बहुधा रिबाउंडच जास्त बदलतो, मग डब्यावर काहीही छापलेलं असो.

आतली रचना लक्षात घेतली तर क्लिकबद्दलच्या अपेक्षा जमिनीवर येतात. शाफ्ट पोकळ असतो आणि त्याच्या आत सुईसारखा एक व्हॉल्व्ह. नॉब फिरवला की सुई पुढेमागे होते आणि तेलाची एक बारीक वाट अरुंद किंवा रुंद होते. ही वाट महत्त्वाची ठरते ती पिस्टन हळू चालतो तेव्हा, म्हणजे वळणात शिरताना, ब्रेक लावताना, गाडीचं अंग हलताना. खड्डा लागला की पिस्टन झपकन पळतो, तेल त्या वाटेने मावत नाही आणि पातळ पोलादी चकत्यांची चळत वाकवून निघतं. त्या चकत्या कारखान्यात रचलेल्या, नॉबच्या आवाक्याबाहेरच्या. म्हणून खड्ड्यातला दणका कमी करायला नॉब सैल केला आणि गाडी नुसतीच लोळायला लागली, असं पुष्कळदा होतं. दणका चकत्यांचा असतो किंवा, भाच्यासारखा, बंप स्टॉपचा.

मोजणी बंद टोकापासून करायची. घड्याळाच्या दिशेने नॉब हलक्या बोटांनी टेकेपर्यंत फिरवायचा, आणि तिथून उलटं मोजायचं. बंद टोकाला सुई निश्चित जागी बसते, उघड्या टोकाचा तसा भरवसा नसतो. जोर लावायचा नाही, सुईचं टोक चेपलं की डॅम्पर खोलावा लागतो. मग पहिल्या दिवशी एक टोकाचा कडक आणि एक टोकाचा सैल फेरा, ओळखीच्या रस्त्यावर, हळू. दोन्ही टोकं अंगाला कळली की मधलं कळायला लागतं. रिबाउंड फार सैल असेल तर उंचवट्यानंतर गाडी एकाऐवजी दोन-तीनदा उसळते. फार कडक असेल तर लागोपाठच्या खाचांत चाक खाली यायच्या आत पुढची खाच येते, प्रत्येक वेळी स्प्रिंग थोडी दबलेलीच राहते आणि गाडी हळूहळू स्वतःला खाली ओढून घेते. म्हणजे कडक रिबाउंडही शेवटी ट्रॅव्हलच खातो. कॅरल स्मिथ यांनी १९७८च्या 'ट्यून टू विन'मध्ये आणि त्यांच्यासारख्या जुन्या रेसिंगवाल्यांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली आहे, की एका वेळी एकच बदल करायचा आणि तो लिहायचा. भाच्याने एकाच दुपारी चारही चाकांचे क्लिक, हवेचा दाब आणि मागचा बार बदलला होता. वही नव्हती. फोनवर काही नोंदी होत्या, त्यातली एक होती 'आता बरं वाटतंय'.

केबिनमधून बटणाने क्लिक बदलणाऱ्या मोटरी मिळतात, आणि चुंबकाने घट्ट होणाऱ्या द्रवाचे डॅम्पर २००२ पासून कॅडिलॅकवर आहेत. ज्यांना हाताने नॉब फिरवून फरक ओळखता येत नाही त्यांना बटणाने कसा येईल, हा माझा जुना प्रश्न आहे.

चार चाकांच्या वजनांचं काम मला मनापासून आवडतं. पूजेचा चौरंग डुगडुगत असेल तर आपण एका पायाखाली कागदाची घडी घालतो. घडी घातलेल्या पायावर आणि त्याच्या कर्णातल्या पायावर भार वाढतो, उरलेल्या दोघांवर घटतो. गाडीचंही हेच. एका कोपऱ्यातली बैठक दोन फेरे वर केली की तो कोपरा आणि समोरचा तिरका कोपरा जड होतात. चार काट्यांवर गाडी उभी करून, चालकाच्या आसनावर त्याच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवून, अँटी-रोल बारचे दांडे सोडून, दोन्ही कर्णांची बेरीज सारखी करायची. मग डावं आणि उजवं वळण सारखं वागतं. डाव्या-उजव्या बाजूची एकूण वजनं मात्र बैठक फिरवून बदलत नाहीत. त्यासाठी बॅटरी हलवावी किंवा चालकाने जेवण कमी करावं. बारचे दांडे परत जोडताना त्यांची लांबी अशी ठेवायची, की उभ्या गाडीत बार पिळलेला नसेल, नाहीतर तासभर केलेलं काम दोन नटांत जातं.

कायदा प्रत्येक देशाचा वेगळा. जपानमध्ये जमिनीपासून किमान नऊ सेंटिमीटर हवेत. १९९५ साली तिथले नियम सैल झाले आणि शाकोचोचा बाजार फुलला. ८६ मूळची सुमारे १३० मिलिमीटर उंच, म्हणजे चाळीस घेतले की सीमारेषा. जर्मनीत किटबरोबर तपासणीचा कागद येतो आणि त्यात लिहिलेल्या उंचीच्या पट्ट्याबाहेर गेलात तर गाडी पास होत नाही. मला ती पद्धत पटते, कारण आटे जिथवर दिसतात तिथवर फिरवायचा मोह आवरायला काहीतरी हवं. आपल्याकडे ८६ विकायला आलीच नाही. पुण्या-मुंबईत कॉइलओव्हर बसतात ते पोलो आणि ऑक्टाव्हियावर. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींचा रोख गाडी कंपनीने दिलेल्या तपशिलांपासून दूर जाऊ नये असा आहे. तेव्हा पाना हातात घेण्याआधी आरटीओ आणि विमा, दोन्हीकडे विचारावं.

आणि गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मधे दहा सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. २५७० मिलिमीटर व्हीलबेसची गाडी त्यावर मधोमध उभी केली तर पोटाखालचे पाच सेंटिमीटरही जात नाहीत, भूमितीने काढून बघा. म्हणजे नऊ सेंटिमीटरची गाडीही सावकाश पार व्हावी. पण गावातल्या पोरांनी एका रात्रीत डांबर ओतून केलेला गतिरोधक कुठल्या त्रिज्येचा असतो ते ओतणाऱ्यालाही माहीत नसतं. कोकणात राहणाऱ्यांनी आणखी एक करावं. दर पावसाळ्यानंतर आटे ब्रशने धुऊन वंगण लावावं. खारी हवा दोन वर्षांत बैठकीची कॉलर अशी धरते, की मग सी-पाना तुटतो, कॉलर हलत नाही, आणि ॲडजस्टेबल सस्पेन्शन आयुष्यभरासाठी एकाच उंचीचं होऊन बसतं.

मेलबर्नला आम्ही शेवटी बैठक वीस मिलिमीटर वर घेतली. पंधरा त्याने खाल्लेले परत दिले, पाचचा प्रीलोड केला. मोकळी जागा चारची चोवीस झाली. कॅम्बर दोन अंश, बुशचे बोल्ट चाकांवर वजन घेऊन, मग अलाइनमेंट. नॉब दोन्ही बाजूंना मधोमध ठेवले आणि त्याला हात लावायला मनाई केली. फेंडरखाली आता तीन बोटं मावत होती, चौथं जेमतेम. मित्र बघून गेले. "एसयूव्ही केलीस की," असं एकाने म्हटल्याचं कळलं.

मी पुण्याला परतल्यावर महिनाभराने त्याचा फोटो आला. सँडाउनहून परतल्यावर घेतलेला. शाफ्ट, त्यावर झिप टाय, शेजारी धरलेली स्टीलची पट्टी. टाय बंप स्टॉपच्या तीन मिलिमीटर अलीकडे थांबली होती. खाली एकच ओळ: "मामा, आता तरी सांग, किती क्लिक?"